जात्याचा कान

‘हात नंतर, पोरी. आधी कान दे.’

अठरा वर्षांपूर्वीचा हा आवाज. लग्न होऊन या घरात आले, त्याच्या तिसऱ्या दिवशीचा. सासऱ्यांचा. इतका हलका, की जात्याच्या घरघरीत बुडूनच जायला हवा होता; पण पाण्यावरून पान तरंगत यावं तसा माझ्यापर्यंत आला. आत काय फिरतंय ते बघायला मी पाणी अडवायच्या फळीकडे हात नेला होता. बाबांनी हात धरला नाही की डोळे वटारले नाहीत. एवढंच म्हणाले, आणि स्वतः डोळे मिटून उभे राहिले.

‘काय म्हणतंय?’

‘खडखडतंय, बाबा.’

‘म्हणजे अजून भांडतंय. दगडाला कोपरे असतात तोवर तो भांडतो. मग कुरकुरतो. मग गुणगुणतो. आणि मग अशी एक घटका येते, की त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही. दगड फिरला म्हणतात त्याला. तेव्हा पाणी तोडायचं. आधी तोडलंस तर गोटी अंड्यासारखी. उशिरा तोडलंस तर वाटाणा.’

आमची जाती धान्याची नाहीत. ओढ्यात खाली एक दगड, त्याला गोल गोल खोबण्या कोरलेल्या. वर बीच झाडाच्या लाकडाची जड तबकडी, तिला कडेनं पाती. पन्हळीतून पाणी पात्यांवर पडतं, तबकडी फिरते, आणि दोन्हींच्या मधे संगमरवराचे ओबडधोबड तुकडे दोन-दोन, तीन-तीन दिवस लोळत राहतात. निघतात त्या गोट्या. साल्झबुर्गचा व्यापारी पोत्यानं नेतो. कुठल्या कुठल्या बंदरांत, कुठल्या कुठल्या पोरांच्या खिशांत जातात म्हणे. आम्ही एकही बंदर पाहिलेलं नाही.

तोच हलका आवाज आता असा झाला होता, की बाबा अंगणात ‘ताक आहे का?’ म्हणाले तरी पलीकडच्या कुरणातल्या गाई माना वर करायच्या. खाणीत माझ्याबरोबर ढलप्या फोडणारी बुर्गी म्हणायची, ‘अफ्रा, तुझ्या सासऱ्याला सांग बाई, उंटर्सबर्ग डोंगराच्या पोटात तो म्हातारा राजा झोपलाय ना, तो जागा व्हायचा. मग त्याच्या सैन्याला जेवायला कोण घालणार, तू?’

मी हसायचे. बुर्गीच्या डोळ्यांत मात्र हसू नसायचं. ती माझ्याकडे बघत राहायची, आणि मी वाकून तुकडे वेचायला लागायचे.

*

त्या वर्षी बर्फच कमी पडलं. ईस्टरला डोंगराच्या माथ्यावर जे असायला हवं ते नव्हतं, आणि मे संपता संपता ओढा असा झाला की त्यातले दगड उघडे पडून वाळले. पन्हळीतून पाणी पडायचं ते दोरीसारखं. सात जाती त्या एका दोरीवर. आमचं चौथं, त्याच्या खालचं पाचवं व्हिर्गिलचं. व्हिर्गिल म्हणजे बाबांच्या बहिणीचा मुलगा. चार पोरं, आजारी बायको, आणि जातं आमच्या खाली. म्हणजे आम्ही पिऊन उरलेलं पाणी त्याचं.

जूनच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पायरीवर उभं राहून पाटकरी मेल्खिओरनं सांगितलं. ओढ्याच्या पाण्याचा हिशेब त्याच्याकडे. आधी त्याच्या बापाकडे होता.

‘सात चालणार नाहीत. सहा चालतील, तीही रडतखडत. रिवाज सगळ्यांना माहीत आहे. ज्या जात्याला कान नाही, त्याचं दार आधी बंद. वेळेवर तोडलं नाही तर पाणी फुकट जातं, नि यंदा फुकट घालवायला पाणी नाही. याकोबाच्या सणाला, जुलैअखेर, परीक्षा.’

‘कुणाची?’ कुणीतरी विचारलं. सगळ्यांनाच उत्तर ठाऊक होतं.

मेल्खिओरनं टोपी डोक्यावर घातली. ‘कोलोमनची,’ म्हणाला. ‘तक्रार आलीय.’

कोलोमन म्हणजे बाबा. ते माझ्या शेजारीच उभे होते. चर्चच्या भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीचा दगड त्यांच्या आज्यानं काढलेला, त्यामुळे ते नेहमीच तिकडे बघायचे. कुणाला वेगळं वाटलं नसतं. मी त्यांची बाही हलकेच ओढली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मेल्खिओरच्या, आणि मान डोलावली. कशाला डोलावली ते त्यांना माहीत नव्हतं.

परत येताना व्हिर्गिल मागून आला. बाबांच्या पाठीशी दोन पावलांवर आला नि अगदी गोड, हळू आवाजात म्हणाला, ‘मामा, तुमच्या विजारीला मागून आग लागलीय.’

बाबा चालत राहिले. मला, बुर्गीला, तिच्या नवऱ्याला, सगळ्यांना दिसेल असे, ताठ मानेनं, प्रसन्न चेहऱ्यानं चालत राहिले.

‘लाज नाही वाटत?’ मी म्हणाले.

‘वाटते, वहिनी,’ व्हिर्गिल म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता. ‘पण माझं जातं दिवसातून चार तास फिरतंय. लाज घालू का पोरांच्या ताटात?’

*

जातं बंद झालं तर काय होतं, ते मला सांगायला कुणाची गरज नव्हती. मी तरुण नाही, पण हात आहेत. भाऊ आहे, त्याच्या गोठ्यात काम आहे. बाबांना मात्र घर नव्हतं. हे घर जात्याचं. जातं ज्याचं, घर त्याचं. आणि ज्याचं कुणी नाही तो म्हातारा आमच्या गावात घरोघर फिरतो: एका घरी एक आठवडा, मग पुढचं घर. त्या वर्षी म्हातारा सुतार रोमान असा फिरत होता. आपला चमचा खिशात घेऊन. ज्या घरी असेल तिथं दाराशी बसायचा, सगळ्यांचं झालं की त्याच्या पुढ्यात भांडं यायचं. झोपायला गोठा. शनिवारी तो उठायचा, चमचा पुसायचा, नि पुढच्या घराकडे चालू लागायचा. आपण वाट चुकलो असं कुणाला वाटू नये म्हणून अगदी घाईत असल्यासारखा.

आमच्याकडे त्याचा आठवडा असला की बाबा त्याला आपल्या शेजारी बाकावर बसवायचे. आणि त्या आठवड्यात बाबा कमी जेवायचे.

नवरा, गिडी, खाणीत गेला त्याला दोन वर्षं झाली. दोर तुटला, शिळा घसरली. त्याच उन्हाळ्याअखेर बाबांचे कान जायला लागले. एकदम नाही. आधी टाचणी पडल्याचं गेलं, मग पाखरं गेली, मग चर्चची घंटा. त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. एका दुपारी मी जात्यावर सूपचं भांडं घेऊन गेले, तर दगड केव्हाचा फिरून गेला होता. आत नुसतं रिकामं सरसरत होतं, आणि बाबा कान देऊन, डोळे मिटून, वाट बघत उभे होते.

भांडं पुढे केलं. ‘जेवायला चला, बाबा.’

जेवायचं म्हणजे पाणी तोडायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी फळी पाडली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जेवणाला वेळ उरली नाही. मी घरात पीठ मळत असायचे, कोबी चिरत असायचे, गोठ्यात शेण काढत असायचे, पण कान ओढ्यावर. दगड फिरला की मी भांडं उचलायचे. कधी सकाळी नऊला सूप, कधी चारला. एकदा न्याहारी होऊन अर्धा तास झाला नाही तर मी पुन्हा दारात उभी, पिठाचा सांजा घेऊन. बाबा निमूट जेवले. बुर्गी म्हणाली, ‘तुमच्या घरात घड्याळ आहे की नाही गं?’ मी म्हणाले, ‘आहे, पण पाण्यावर चालतं.’

दोन उन्हाळे असे गेले. व्यापाऱ्यानं एकदा पोत्यात हात घालून मूठभर गोट्या काढल्या, फळीवर सोडल्या, त्या सरळ रेषेत गेल्या. ‘कोलोमन, हात तो हात,’ म्हणाला. ‘उत्तरेकडे आता काचेच्या करतात, रंगीत. पोरं त्याच मागतात. पण माझ्या नातवाला मी तुझ्याच देतो.’ बाबांनी त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान डोलावली.

*

जुलैभर मी खाणीत जात राहिले. परीक्षा असो नसो, दगड तर लागतोच. खाणीच्या पायथ्याशी मोठ्या शिळांच्या ढलप्या पडतात, त्या वेचायचा हक्क जात्यांच्या घरांचा. वर गडी पाचरी ठोकत असतात, एकामागून एक, ओळीनं, आणि मग डोंगर एखाद्या जाड पुस्तकासारखा उघडतो. तिथं उभं राहिलं की थर दिसतात. पांढरा, त्याखाली लोण्यासारखा पिवळसर, त्याखाली तांबूस. पांढऱ्यातली गोटी लवकर फिरते. पिवळ्यातली सावकाश फिरते पण जन्मभर टिकते. तांबड्यात मातीची शीर असते. दिसत नाही, पण पाण्यात दुसऱ्या दिवशी उकलते, आणि एक उकलली की बाकीच्या सगळ्यांना ओरबाडते. म्हणून तांबड्याला हातोडीनं वाजवून बघायचं. चांगला दगड चांदीच्या वाटीसारखा बोलतो. शीर असली की मडक्यासारखा.

आमच्या दगडात शिंपले असतात. गोगलगाई, शिंगांच्या आकाराचे कसले कसले जीव. हा अख्खा डोंगर एके काळी समुद्राच्या तळाशी होता, असं शाळेतले गुरुजी सांगतात. बायका त्याच्याही आधीपासून सांगतात. ढलप्या फोडताना बुर्गी एक ओवी म्हणायची, तिच्या आजीची:

डोंगराच्या पोटी । सागराची शिंप ।
लेकराची झोप । झोपे तिथं ॥

आणि मी तिला जोडून माझी:

दगडा कोपरे । माणसाला बोल ।
पाणी करी गोल । दोघांनाही ॥

पाठीवरच्या लाकडी घोडीवर ओझं बांधून उतरायचं. ऊन असं की पांढऱ्या दगडावरून येणारी झळ खालून हनुवटी भाजायची. घरी बाकावर बसून छोट्या हातोडीनं एकेक तुकडा चौकोनी करायचा, फाशासारखा. अंगठा चुकला की नख काळं. माझी दोन नखं काळी होती, एक गळालं होतं. बाबा समोर बसून तेच करायचे. त्यांचं एकही चुकायचं नाही. हातांना काय झालं नव्हतं. हात तरुण होते. कानच म्हातारे झाले होते.

याकोबाच्या आधल्या आठवड्यात मी त्यांची पेटी पुसायला काढली. अक्रोडाच्या लाकडाची, त्यांच्या बापानं केलेली. आत भोकांच्या ओळी. बारा वर्षांचे असताना बाबा पहिल्यांदा जात्यावर उभे राहिले, तेव्हापासून दर वर्षाच्या पहिल्या दळणातली एक गोटी ते एका भोकात ठेवत. कुठलंही वर्ष काढा, ते सांगत: ही पुराची, बघ, हिच्यात वाळूचा ओरखडा आहे. ही गिडी जन्मला त्या सालची. ही तू आलीस त्या सालची, हिच्यात अख्खी गोगलगाय आहे.

मी बोट फिरवत शेवटच्या ओळीला आले. गिडी गेला त्या वर्षीची गोटी होती. त्यानंतरची दोन भोकं रिकामी.

मला आठवत होतं, दोन्ही वर्षी पहिल्या दळणातली गोटी मीच त्यांच्या तळहातावर ठेवली होती. त्यांनी ती खिशात टाकली होती. हरवल्या असतील? बाबांनी बटणसुद्धा कधी हरवलं नव्हतं. पेटी होती तशी ठेवली. त्या संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याची बाही शिवायला घेतली. काळा दोरा लागेना म्हणून माझा शिवणाचा डबा उपडा केला. सुया, चिंध्या, अंगुस्तान, आणि सगळ्यांत शेवटी तळाशी, एका चिंधीत बांधलेल्या, दोन गोट्या.

मी दाराशी आले. बाबा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी त्यांना हाक मारली. हळूच. ते वळले नाहीत.

म्हणजे त्या गोट्या माझ्या, हे त्यांना माहीत होतं. ते सूप काय होतं, ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

*

परीक्षेच्या दोन दिवस आधी मेल्खिओर आला. त्यानं आपल्या पोत्यातले तुकडे आमच्या जात्यात घातले, पन्हळीचं दार उघडलं, आणि फळीला दोरा बांधून त्यावर मेणाचा शिक्का लावला. ‘पिवळा दगड,’ मला म्हणाला. ‘सणाच्या दुपारच्या आसपास फिरेल.’ मग मेण खिशात टाकलं. ‘अफ्रा, मला हे आवडत नाही.’

‘मग करू नका.’

‘तक्रार खरी असली तर?’

मी त्याच्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा कान ओढ्यावर सगळ्यांत चांगला. ‘बाबांच्या गोट्या बघितल्यात ना दोन वर्षांतल्या?’ मी म्हणाले. ‘मग कसली तक्रार?’

त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि सगळं खोटं होतं.

परीक्षेत कोलोमनला जात्याकडे पाठ करून उभं करणार. सगळे काठावर. कुणी चकार शब्द काढायचा नाही. दगड फिरला की त्यानं ‘आता’ म्हणायचं, मेल्खिओर दोरा तोडून फळी पाडणार, आणि तबकडी उचलून गोट्या बघणार. तिथं मला सूप घेऊन जाता येणार नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही काळा पाव आणि ताक घेऊन बाकावर बसलो. मी त्यांच्या समोर तोंड आणून, ओठ नीट हलवून म्हणाले, ‘उद्या मी ओढ्यापलीकडे उभी राहीन. तुमच्या समोर.’

त्यांनी पाव ताकात बुडवला. ‘उन्हात उभी राहू नकोस,’ ते ओरडले. म्हणजे, म्हणाले.

‘माझ्याजवळ टोपली असेल. डाव्या कमरेवर.’ मी थांबले. ‘मग उजव्या कमरेवर घेईन.’

ते पाव चावत राहिले. दात कमी, म्हणून वेळ लागायचा. मग माझ्या काळ्या नखाला बोट लावून विचारलं, ‘दुखतं?’

‘नाही.’

‘खोटं बोलतेस,’ ते म्हणाले, आणि उठून गेले.

*

याकोबाच्या सणाला ढग नव्हता. प्रार्थना झाल्यावर अंगावरचे चांगले कपडे तसेच ठेवून सगळे ओढ्यावर आले. सहा जात्यांची सहा माणसं, त्यांच्या बायका, खाणीतली चार-दोन. बुर्गी आली होती. तिनं माझ्याकडे बघून क्रुसाची खूण केली. म्हातारा रोमानही आला होता, खिशावर हात ठेवून. व्हिर्गिल एकटाच, टोपी हातात घेऊन.

बाबा जात्याकडे पाठ करून उभे राहिले. मी पलीकडच्या काठावर, आल्डरच्या झाडाच्या सावलीच्या जरा बाहेर. उन्हात. त्यांना दिसायला हवी म्हणून. टोपली डाव्या कमरेवर.

जातं गुणगुणत होतं. पण पाणी कमी, म्हणून आवाज जाड येत होता. दोरीएवढ्या धारेला दगडाचं पीठ धुऊन नेता येत नव्हतं, आत राबडी साचत होती. मला ते ऐकू येत होतं. गूं गूं गूं. मग गूं जरा खाली बसलं. मग एकदम सगळं मऊ झालं. कापसात गुंडाळल्यासारखं. काठावरच्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फिरला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. व्हिर्गिलनं टोपी घट्ट धरली. बाबा गप्प होते, आणि त्याला वाटलं संपलं.

नव्हतं संपलं. ती चिखलाची शांतता होती. चिखलाची शांतता जड असते, तिच्या खाली कुणीतरी तोंड दाबून धरल्यासारखं काहीतरी कण्हत असतं. मी टोपली हलवली नाही. मेल्खिओरकडे पाहिलं, त्याचाही हात हलला नव्हता. तोही ऐकत होता. थोड्या वेळानं धार जराशी जाड झाली, वरच्या कुणाचं तरी दार गळत असणार, राबडी वाहून गेली आणि गुणगुण पुन्हा वर आली. काठावरच्यांनी पाय बदलले. घाम पुसला.

मग ती घटका आली.

कशी सांगू? जात्याचा आवाज गेला नाही. आवाज होताच. पण त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी टोपली उजव्या कमरेवर घेतली.

बाबांनी पाहिलं. मला दिसलं की त्यांनी पाहिलं. त्यांच्या डोळ्यांची पापणी हलली. ते काही बोलले नाहीत.

मला वाटलं ऊन डोळ्यांवर असेल. मी टोपली डावीकडे घेतली आणि पुन्हा, मोठ्यानं हालचाल करून, उजवीकडे. बाबा माझ्याकडे सरळ बघत होते. हात पाठीमागे बांधलेले. ओठ मिटलेले. आणि आत दगड चालले होते, झिजत, उगाच झिजत. पिवळे दगड, डोंगराच्या पोटातून निघालेले, नीट फिरलेले, पुरते झालेले. आणि आता प्रत्येक फेऱ्याला आपलं नेमकं माप सोडून लहान लहान होत चाललेले. ते मला ऐकू येत होतं. उतू चाललेल्या दुधाकडे नुसतं बघत उभं राहावं तसं. मी ओठ चावला. मी रोमानच्या खिशातला चमचा आठवला, गप्प राहा म्हणून स्वतःला सांगितलं, कुणी बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

‘पाणी तोडा!’

मीच ओरडले होते. ‘तोडा ना! जाताहेत ते, वाया जाताहेत!’

मेल्खिओरनं दोरा तोडला. फळी खाली आली, धार बाजूला वळली, तबकडी दोन फेरे मारून थांबली. एवढी शांतता झाली की आल्डरमधली एक माशी ऐकू आली. मेल्खिओरनं बाह्या सरसावल्या, तबकडी तिरकी केली, आणि पिठाच्या पाण्यातून एक गोटी काढली. विजारीला पुसली. बोटांत फिरवली. दुसरी काढली. मग मापाच्या पितळी कडीतून एकेक सोडली. गोट्या कडीला जेमतेम चाटून खाली पडत होत्या.

‘केसभर उशीर,’ तो म्हणाला. ‘गोल आहेत. सगळ्या.’ त्यानं मान वर केली. ‘या जात्याला कान आहे. प्रश्न एवढाच, की कुणाचा.’

‘मामाचा नाही!’ व्हिर्गिल म्हणाला. ‘सगळ्यांनी बघितलं. ती ओरडली. मामा खांबासारखा उभा होता. आणि बोलायचं नाही असं ठरलं होतं की नाही?’

‘ठरलं होतं,’ कुणीतरी म्हणालं.

टोपली माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही. मी सगळं घालवलं होतं. दोन उन्हाळे जपलेलं, एका ओरडण्यात. मी बाबांकडे बघायचं टाळलं, आणि मग बघितलं.

ते हसत होते. चर्चवरून येताना हसायचे तसं वरवरचं नाही. त्यांनी पाठीमागचे हात सोडले, ओल्या दगडांवरून सांभाळून दोन पावलं टाकली, मेल्खिओरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच्या कानाशी वाकले. गुपित सांगताना वाकतात तसे. त्यांना वाटत होतं ते कुजबुजताहेत. पण तो आवाज ओढा ओलांडून माझ्यापर्यंत आला, सहाही जात्यांपर्यंत गेला, वर खाणीच्या भिंतीवर आपटून परत आला:

‘टोपली हलली ती मी बघितली, मेल्खिओर. दोनदा हलली. मी मुद्दाम गप्प बसलो, ती ओरडेपर्यंत. मी ‘आता’ म्हणालो असतो तर जातं माझ्या नावावर राहिलं असतं, आणि मी गेलो की, कान तिचा हे कुणालाच ठाऊक नसल्यानं, तिच्या हातून गेलं असतं. मला ऐकू येत नाही. दोन उन्हाळे झाले. कोंबडा नाही, घंटा नाही, काही नाही. या दोन उन्हाळ्यांत गावाबाहेर गेलेली एकही गोटी माझी नाही, सगळ्या तिच्या. मला कळलंय हे मी तिला कधी बोललो नाही. बोललो असतो तर ते खरं झालं असतं. पाणी अफ्राच्या नावानं लिही. आणि हे तिला आत्ता सांगू नकोस, उगाच रडत बसेल.’